पिओनीला पानं भरपूर, फूल एकही नाही: आधी बोटानं माती उकरून बघा

पिओनी म्हणजे थंड हवामानातलं, मोठ्या फुलांचं, वर्षानुवर्षं टिकणारं बागेतलं झाड. वसंतात तिचे लालसर कोंब जमिनीतून वर येतात आणि महिना-दीड महिन्यात गुडघ्याएवढं गच्च झुडूप उभं राहतं. पानं हिरवीगार, चकचकीत, कुठे डाग नाही. फूल मात्र एकही नाही. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मग आपण खताची पिशवी काढतो, आणि चूक तिथूनच वाढत जाते.

माझ्या पहिल्या पिओनीला मी तीन वर्षं खत घालत राहिले. झाड दरवर्षी जास्त माजलं आणि फूल दरवर्षी तेवढंच दूर राहिलं. चौथ्या वर्षी पानं पिवळी पडायला लागल्यावर खुरपं बाजूला ठेवलं आणि देठांच्या बुडाशी बोटांनी माती सारायला घेतली. एक पेर गेलं, दोन गेली, तीन गेली. सगळा पंजा आत गेला तेव्हा कुठे पहिला डोळा, म्हणजे कोंब फुटतो ती जागा, बोटाला लागला. मोजलं तर १२ सेंटीमीटर. कंद म्हटला की खोल पुरायचा, या समजुतीनं मी तो लावला होता. पानांत, खतात, पाण्यात काहीच बिघडलेलं नव्हतं. बिघडलं होतं ते लावल्या दिवशीच.

म्हणून पुढचं सगळं वाचायच्या आधी झाडाजवळ जाऊन एक गोष्ट तपासा.

कळी धरतच नाही, की धरून वाळते?

झुडूप पूर्ण उंचीला आलं की प्रत्येक देठाचं टोक दोन बोटांनी उघडून बघा. टोकाला नुसती पानंच पानं असतील, तर कळी धरलीच नाही. टोकाला मोहरीएवढा किंवा वाटाण्याएवढा काळपट, वाळका मणी दिसला, तर कळी धरली होती आणि नंतर मेली. दुरून दोन्ही झुडपं सारखीच बिनफुलांची दिसतात, पण दुखणी वेगळी आहेत. पहिल्याचं कारण बहुतेक वेळा जमिनीखाली असतं, नाहीतर मागच्या वर्षात. दुसऱ्याचं कारण याच वसंतातल्या दोन-तीन आठवड्यांत शोधायचं. हा फरक न करता केलेली फवारणी आणि घातलेलं खत दोन्ही वाया जातं.

कळीच धरत नसेल तर: खोली मोजा

दर वर्षी जमिनीपर्यंत वाळून जाते ती झुडपी पिओनी, आणि बहुतेकांच्या बागेत तीच असते. तिचा गड्डा म्हणजे जाड मुळं जिथे एकत्र येतात ती गाठ. त्या गाठीवर गुलाबी-लाल, टोकदार, फुगीर डोळे असतात. बटाट्याच्या डोळ्यापेक्षा बरेच ठसठशीत, कधी कधी बोटाच्या टोकाएवढे. हे डोळे मातीच्या पृष्ठभागाखाली अडीच ते ५ सेंटीमीटर असायला हवेत. मोजपट्टी हाताशी नसेल तर बोटाचं एक पेर ते दोन पेरं. हिवाळा सौम्य असेल तिथे एकच पेर पुरे, कडाक्याची थंडी पडत असेल तर दोन.

यापेक्षा खोल गेलेली पिओनी मरत नाही, आणि म्हणूनच ती फसवते. ती पानं काढत राहते. पण कोंबाला वर येण्यातच साठवणीतली ताकद खर्चावी लागते, शिवाय खोल मातीत थंडी कमी पोचते, आणि फुलायला तिला ती थंडी हवीच असते. उलट डोळे अगदी उघडे राहिले तर कडक थंडीत दुखावतात आणि वाळतात. त्यामुळे वर ठेवा म्हणजे उघडं ठेवा असं नाही.

खोलीचा घोळ लावतानाच होतो असंही नाही. मला भेटलेल्या निम्म्याअधिक अडचणी नंतर झालेल्या होत्या. खड्ड्यात भुसभुशीत माती आणि भरपूर कंपोस्ट घातलं, गड्डा बरोबर दोन पेरांवर ठेवला, आणि पहिल्या हिवाळ्यात माती बसली तसा गड्डाही खाली गेला. किंवा दर वर्षी वाफ्यावर पालापाचोळ्याचं आच्छादन घातलं, ते कुजून माती झालं, आणि पाच-सहा वर्षांत डोळ्यांवर अलगद चार बोटं थर चढला. चांगली फुलणारी जुनी पिओनी हळूहळू फुलं कमी करत गेली तर मी सगळ्यात आधी हाच थर बघते. तिसरं म्हणजे वसंतात कुंडीत घेतलेलं रोप. कुंडीत ते आधीच खोल असतं, आपण कुंडीच्या पातळीला पातळी जुळवून जमिनीत लावतो, आणि चूक जशीच्या तशी पुढे येते.

आच्छादनाचा थर चढला असेल तर काम सोपं. पानगळीत देठ कापल्यावर हातानं वरची माती ओढून घ्या, डोळे दुखावू देऊ नका, आणि दोन पेरांचा थर राहील एवढ्यावर थांबा. गड्डाच खोल बसला असेल तर उपटून पुन्हा लावण्याला पर्याय नाही.

गड्डा काढून वर घेताना

वेळ पानगळीची. उत्तर गोलार्धात सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत, जमीन गोठायच्या साधारण सहा आठवडे आधी. अन्न-पाणी ओढणारी बारीक मुळं याच दिवसांत फुटतात, म्हणून पिओनी वसंतात हलवू नये. वसंतात हलवलेली जगते, पण मागे पडते.

देठ चार बोटं ठेवून कापा. बुंध्यापासून हातभर लांबून चारी बाजूंनी कुदळ किंवा दात्यांचं फावडं घाला आणि ढेकळासकट उचला. जमिनीला वाफसा असताना हे करा. कोरड्या मातीत मुळं कटकन मोडतात आणि चिखलात ढेकूळ हाती येत नाही. ही मुळं गाजरासारखी जाड, पण त्याहून ठिसूळ असतात. ओढायचं नाही, खालून तोलून वर घ्यायचं. मग माती धुऊन टाका आणि गड्डा सावलीत दोन-तीन तास तसाच ठेवा. ताजी मुळं काचेसारखी तुटतात, जरा सुकली की लवचीक होतात आणि वेगळी करायला सोपी जातात.

गड्डा मोठा असेल तर धारदार सुरीनं भाग करा. प्रत्येक भागाला तीन ते पाच डोळे आणि चांगली जाड मुळं हवीत. एक-दोन डोळ्यांचा तुकडाही जगेल, पण त्याला फुलायला आणखी दोन वर्षं लागतील. मऊ, काळी पडलेली मुळं कापून टाका. मुळांवर मण्यांसारख्या बारीक गाठी दिसल्या तर तो सूत्रकृमींचा प्रादुर्भाव. असा गड्डा नव्या वाफ्यात नेऊ नका.

खड्डा साधारण ४५ सेंटीमीटर खोल आणि तेवढाच रुंद. तळाशी कुजलेलं खत मातीत मिसळून घाला, आणि मग ज्या गोष्टीची सगळे घाई करतात तिथे थांबा: माती पायानं हलकी दाबा, भरपूर पाणी द्या, एक-दोन दिवस बसू द्या, कमी पडली तर भर घाला. त्यानंतरच मधोमध मातीचा उंचवटा करून त्यावर गड्डा ठेवायचा, मुळं खाली पसरायची. खड्ड्यावर एक सरळ काठी आडवी ठेवा. काठी म्हणजे जमिनीची पातळी. काठीच्या खालच्या कडेपासून डोळ्यापर्यंतचं अंतर बोटानं मोजा. दोन पेरांपेक्षा जास्त भरलं तर गड्डा उचला आणि खाली माती घाला. माझी पिओनी मी त्या दिवशी अशी तीन वेळा उचलली.

माती भरताना मुळांभोवती पोकळी राहू देऊ नका, नाहीतर तिथे पाणी साचून कूज लागते. दोन झाडांत ९० सेंटीमीटर ते सव्वा मीटर अंतर हवं. तेवढ्या जागेत आज हातभराचा गड्डा केविलवाणा दिसतो, पण एकदा बसलेली पिओनी त्याच जागी पन्नास वर्षंही फुलते, तेव्हा जागा तिच्या त्या वयाची द्यायची. जिथून जुनी पिओनी काढली त्याच खड्ड्यात नवी लावू नका. दुसरी जागा नसेलच तर आधीची माती खोलवर काढून नवी भरा.

खोलीचा हा नियम सगळ्या पिओनींना लागू नाही

झाड-पिओनीचे देठ लाकडी असतात, ते हिवाळ्यात पानं झाडतात पण उभे राहतात. ती बहुधा झुडपी पिओनीच्या मुळावर कलम केलेली असते, आणि कलमाचा सांधा १० ते १५ सेंटीमीटर खोल पुरायचा असतो, म्हणजे वरच्या भागाला स्वतःची मुळं फुटतात. इथे उथळ लावणं ही चूक. दुसरी चूक त्याहून मोठी: झुडपी पिओनीसारखी ती पानगळीत जमिनीलगत कापणं. तिच्या फुलांचे डोळे त्या लाकडी देठांवरच असतात, ते कापले की पुढच्या वसंतातलं फूल गेलं. झाड-पिओनीच्या बुडातून अचानक लांबट, चकचकीत, सलग पानांचे कोंब फुटले, तर ते खालच्या मुळाचे आहेत. माती बाजूला करून मुळापासून काढा. तिची स्वतःची पानं फिकट, निस्तेज आणि टोकाशी फाटलेली असतात.

या दोन्हींचा संकर म्हणजे इतो पिओनी, ती दोन पेरांवर बसते. जपानमध्ये तोइची इतो यांनी १९४८ मध्ये हा संकर साधला. १९५६ मध्ये ते गेले आणि त्यांच्या रोपांना फुलं आली ती त्यानंतर. पिओनीवाल्या माणसाला किती वाट बघावी लागते हे सांगताना मला नेहमी तेच आठवतात.

खोली बरोबर आहे, तरी कळी नाही

मग वय विचारा. गड्डा लावल्यावर पहिल्या वसंतात दोन-चार पानं, दुसऱ्या वर्षी एखादं फूल, तिसऱ्या वर्षापासून खरा बहर, हा साधारण क्रम आहे. बियांपासून केलेलं रोप चार-पाच वर्षं घेतं. दुसऱ्या वर्षी फूल नाही म्हणून ती हलवली तर घड्याळ पुन्हा पहिल्या तासावर येतं. दर दोन वर्षांनी जागा बदललेली पिओनी कधीच फुलत नाही, आणि तिचा मालक म्हणतो ही जातच वाईट.

ऊन रोज किमान सहा तास हवं. इथे एक गोष्ट लक्षात येत नाही: झाड लावलं तेव्हा ऊन होतं, आज आहे का? शेजारचं झाड दहा वर्षांत वाढलं, त्याची सावली सरकली आणि मुळंही खाली येऊन पोचली. मोठ्या झाडाच्या मुळांशी पिओनी पाण्यासाठी झगडू शकत नाही. देठ लांबुडके, वाकडे, एका बाजूला कललेले दिसले तर कारण सावलीचंच.

खताचं मी वर सांगितलंच. नत्र जास्त झालं की झाड पानांवर जातं. हिरवळीला टाकलेलं नत्राचं खत वाफ्यात ओघळून येतं, तेही धरा. पिओनीला वर्षातून एकदा, फुलं संपल्यावर, नत्र कमी आणि स्फुरद-पालाश जास्त असलेलं मूठभर खत पुरतं. तेही देठांपासून वीतभर लांब गोलात द्यायचं, गड्ड्यावर नाही. ताजं शेणखत तर अजिबात नको, कूज लागते. मातीचा सामू (पीएच) ६.५ ते ७ च्या आसपास असला की ती खुशीत असते.

पानं लवकर कापणं हे मात्र मन लावून वाचा. फुलं संपली की झुडूप पसरट, विस्कटलेलं दिसतं आणि हात कात्रीकडे जातो. पण पुढच्या वर्षीचे डोळे त्याच पानांच्या जोरावर उन्हाळ्यात गड्ड्यावर भरतात. सुकलेलं फूल तेवढं काढा आणि पानं पिवळी पडेपर्यंत ठेवा. फुलदाणीसाठी कापतानाही देठावर खाली दोन-तीन पानं राहू द्या, एकूण फुलांच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापू नका, आणि नव्या झाडाची पहिली दोन वर्षं अजिबात कापू नका.

राहिली थंडी, आणि इथे मी गोड बोलणार नाही. पिओनीला फुलण्यासाठी हिवाळ्यात साधारण ५०० ते १००० तास ४ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याखाली हवे असतात. तेवढी थंडी पडत नसेल तर खत, खोली, ऊन सगळं बरोबर असूनही फूल येणार नाही. काठावरच्या हवामानात लवकर फुलणाऱ्या, एकेरी किंवा कमी पाकळ्यांच्या जाती निवडा, डोळे एका पेरावर ठेवा आणि हिवाळ्यात गड्ड्यावर आच्छादन घालू नका, म्हणजे मिळेल ती थंडी आत पोचेल. गच्च पाकळ्यांचीच हवी असेल तर १८५१ पासून बागांत असलेली पांढरी ‘फेस्टिवा मॅक्सिमा’ लवकर फुलते, म्हणून ‘सारा बर्नहार्ट’सारख्या उशिरा फुलणाऱ्या जातीपेक्षा तिचा भरवसा जास्त.

कळी धरते, पण उमलत नाही

कळी वाटाण्याएवढी असतानाच वाळली आणि देठ मात्र हिरवा, ताठ राहिला, तर आठवा: कोंब वाढत असताना उशिराचं दव गोठलं होतं का? की माती कोरडी पडली होती? कळ्या भरण्याच्या दिवसांत आठवड्याला एकदा खोलवर पाणी हवं, रोज शिंपडणं नको. हे पाणी मुळाशी द्या, पानांवरून नको. नवं झाडही पहिल्या कळ्या अशा सोडून देतं, त्याची काळजी नको.

कळी मोठी झाली, रंग दिसायला लागला, मग कडा तपकिरी पडून ती चेंडूसारखी बंदच राहिली, तर दोन शक्यता. अचानक उष्णता वाढली असेल तर उशिरा फुलणाऱ्या गच्च जाती अशा अडतात. किंवा पाकळ्यांत फुलकिडे असतील. कळी तोडून पांढऱ्या कागदावर आपटा, सुतासारखे बारीक किडे सरकताना दिसले की कळलं. अशा कळ्या काढून नष्ट करा.

मुंग्या दिसल्या म्हणून औषध मारणारे बरेच भेटतात. कळीच्या बाहेरच्या हिरव्या दलांतून गोड रस पाझरतो, मुंग्या त्यासाठी येतात. त्या कळीला इजा करत नाहीत, आणि त्यांच्यावाचून कळी उमलत नाही हेही खरं नाही. त्यांना राहू द्या.

कोंबच कोसळतो तेव्हा

थंड, ओल्या वसंतात वीतभर वाढलेला कोंब एका दिवसात मान टाकतो. बुडाशी बघितलं तर देठ काळा-तपकिरी, मऊ, आणि सकाळच्या ओलीत त्यावर राखाडी मखमल. ही बोट्रायटिस बुरशी. तीच कळ्याही काळ्या करते, आणि त्या कळ्यांखालचा देठही काळवंडतो. गोठलेल्या दवानं वाळलेली कळी आणि बुरशीनं मेलेली कळी यांतला फरक तिथेच कळतो.

कोसळलेला कोंब लगेच मातीखालून कापा, पिशवीत घाला, बागेबाहेर टाका. कंपोस्टच्या ढिगात नको. प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटनं पुसा. बुडाशी जमलेलं जुनं आच्छादन उचला, झाडांत हवा खेळेल असं करा. खरा इलाज मात्र आदल्या पानगळीतला आहे: झुडपी पिओनीचे सगळे देठ जमिनीलगत कापून, गळलेलं पानन्‌पान वेचून काढायचं, कारण बुरशी त्याच खुंटांवर बारीक काळ्या कणांच्या रूपात हिवाळा काढते. दरवर्षी त्रास होत असेल तर कोंब वर येतानाच ताम्रयुक्त बुरशीनाशकाची फवारणी, पाकिटावरच्या प्रमाणात.

पानांवर जांभळट करपा किंवा उन्हाळ्याअखेरची पांढरी भुरी दिसली तर घाबरू नका. दिसायला वाईट, झाडाला फारसं बाधत नाही. उपाय तोच, पानगळीतली साफसफाई.

माझी ती पिओनी वर घेतल्यानंतर पहिल्या वसंतात नुसती पाच पानं घेऊन बसली होती. दुसऱ्या वर्षी एक कळी, ती वाटाण्याएवढी असताना वाळली. तिसऱ्या वर्षी सात फुलं. आता दर पानगळीत देठ कापून झाले की मी गड्ड्याशेजारी बोट घालते, दुसऱ्या पेराशी डोळा लागला की हात धुते.